एकोणतिसाव्या आठवड्यातील प्रसूती आणि आईच्या दुधाचा हिशोब : एक प्रकरण अभ्यास

कमी दिवसांच्या बाळाच्या आईला दूध का कमी पडते, याचे कारण बहुतेक वेळा तिच्या शरीरात किंवा तिच्या काळजीत शोधले जाते. पुढील प्रकरणात तसा शोध घेतला गेला आणि तो बराचसा चुकीच्या जागी होता. माता, बाळ आणि रुग्णालय यांची ओळख पटेल असे सर्व तपशील काढून टाकले आहेत. दुधाचे आकडे मातेने व परिचारिकांनी ठेवलेल्या नोंदींतील असून वाचनाच्या सोयीसाठी ते थोडे पूर्णांकात आणले आहेत.

पार्श्वभूमी

तिशीच्या सुरुवातीची ही माता पहिलटकरीण होती. गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात तिचा रक्तदाब वाढू लागला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि तीव्र प्रीएक्लॅम्पसियाचे निदान होऊन तिला दाखल करण्यात आले. बाळाची फुफ्फुसे लवकर परिपक्व व्हावीत म्हणून तिला बीटामेथासोनची इंजेक्शने देण्यात आली. त्यानंतर चार दिवसांनी, एकोणतीस आठवडे पूर्ण होताच, रक्तदाब आटोक्यात राहीना म्हणून शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागली. १०८० ग्रॅम वजनाची मुलगी जन्माला आली, तिला श्वासासाठी सीपॅपचा (नाकावाटे सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) आधार द्यावा लागला आणि ती थेट नवजात अतिदक्षता विभागात गेली. आईला झटके येऊ नयेत म्हणून पुढचे २४ तास मॅग्नेशियम सल्फेट सुरू होते आणि ती वेगळ्या मजल्यावरच्या देखरेख कक्षात होती.

दुधाच्या दृष्टीने पाहिले, तर तिच्या वाट्याला आलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दूध उशिरा उतरण्याकडे झुकणारी होती. दूध तयार करणाऱ्या पेशींची जडणघडण गरोदरपणाच्या मध्यापासून सुरू होते. वार (प्लॅसेंटा) बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी झपाट्याने खाली येते आणि त्यानंतर साधारण दोन ते तीन दिवसांत दूध भरपूर तयार होऊ लागते. शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती, प्रीएक्लॅम्पसिया आणि मुदतीपूर्वीचा जन्म या तिन्हींमुळे हा टप्पा लांबू शकतो. बीटामेथासोन दिल्यावर तीन ते नऊ दिवसांच्या दरम्यान प्रसूती झालेल्या मातांमध्ये सुरुवातीचे दूध कमी असल्याचेही एका अभ्यासात दिसले आहे. यांपैकी एकही गोष्ट कोणाच्या हातात नव्हती. पण त्या सगळ्या प्रसूतीच्या दिवशीच माहीत होत्या आणि त्या माहितीवरून या मातेला पहिल्या तासापासून जादा मदत लागणार, हे ठरवता येण्यासारखे होते.

इतक्या लहान बाळासाठी आईच्या दुधाचे मोल वेगळे सांगायला नको, तरी एक गोष्ट नोंदवतो. अशा बाळांना होणारा नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस हा आतड्यांचा जीवघेणा आजार आईच्या दुधावरील बाळांमध्ये स्पष्टपणे कमी आढळतो. म्हणूनच या विभागात आईचे दूध हा उपचाराचा भाग मानला जातो. जे औषध म्हणून मोजायचे, ते मिळवण्याची व्यवस्थाही औषधाइतकीच काटेकोर असायला हवी.

पहिले अकरा दिवस

पहिल्यांदा दूध काढण्याचा प्रयत्न प्रसूतीनंतर १९ तासांनी झाला. एका परिचारिकेने हाताने स्तन दाबून चिकाचे काही थेंब सिरिंजमध्ये घेतले आणि ते बाळाच्या गालांच्या आतल्या बाजूला लावण्यात आले. आईला त्याचे छायाचित्र दाखवले गेले. तिच्याशी नंतर झालेल्या बोलण्यात तो क्षण वारंवार येई, कारण बाळासाठी आपण काहीतरी केले असे तिला तेव्हा प्रथम वाटले. त्यानंतर विभागातील विजेच्या पंपावर दिवसातून चार ते पाच वेळा दूध काढणे सुरू झाले. रात्री तिला झोपू द्यावे, अशी सूचना देखरेख कक्षातून आली होती आणि तिचा रक्तदाब पाहता ती समजण्यासारखी होती.

तिसऱ्या दिवशी २४ तासांत मिळून १५ मिली, चौथ्या दिवशी ४५, पाचव्या दिवशी ९०, सहाव्या दिवशी १२५ आणि सातव्या दिवशी १५० मिली दूध आले. बाळाला नळीने दूध देणे दुसऱ्या दिवशी किलोमागे १० मिलीने सुरू झाले होते आणि ते हळूहळू वाढवले जात होते. पाचव्या दिवशी बाळाची गरज ६५ मिलीच्या आसपास होती, सहाव्या दिवशी ८६ आणि सातव्या दिवशी १०८. म्हणजे रोज काही दूध उरत होते आणि ते गोठवून ठेवले जात होते. डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी दुधाबद्दल विचारणा होई, तेव्हा उत्तर एकच असे : बाळाला पुरते आहे. नोंदवहीतही तेच लिहिलेले आहे.

या प्रकरणाचे मूळ याच उत्तरात आहे, असे माझे मत आहे. १०८० ग्रॅमचे, नुकतेच दूध सुरू झालेले बाळ दिवसाला ६५ मिली घेते, म्हणून ९० मिली हे भरपूर वाटते. पण तेच बाळ पंधरवड्यात पूर्ण आहारावर येते, दोन महिन्यांत दोन किलोंच्या पुढे जाते आणि घरी गेल्यावर काही महिन्यांत त्याला दिवसाला सुमारे ७५० मिली दूध लागते. त्या वेळी दूध वाढवू म्हटले तर ते फार कठीण जाते, कारण स्तनांची दूध तयार करण्याची क्षमता बरीचशी पहिल्या दोन आठवड्यांत ठरते. म्हणून चौदाव्या दिवसापर्यंत दिवसाला किमान ५०० मिली आणि शक्य असल्यास ७५० मिलीपर्यंत पोचणे हे उद्दिष्ट अशा मातांसमोर ठेवले जाते. या मातेला हा आकडा कोणीही सांगितलेला नव्हता. आजच्या गरजेशी तुलना करून तिला रोज दिलासा मिळत राहिला आणि खरी तूट कोणाच्या लक्षात आली नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी तिला घरी सोडण्यात आले. सोबत तिने एका बाजूचा, बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेतला होता. रोज दुपारी काही तास ती विभागात येई आणि त्या वेळी एकदा तेथील मोठा पंप वापरी. आठव्या दिवशी दूध १४० मिलीवर आले, नवव्या दिवशी १२५, दहाव्या दिवशी ११० आणि अकराव्या दिवशी १०५. बाळाची गरज याच काळात १३० वरून १७३ मिलीवर गेली. गोठवलेल्या साठ्याने तीन दिवस ही दरी झाकून ठेवली आणि अकराव्या दिवशी साठा संपला, तेव्हा मिल्क बँकेतील, म्हणजे इतर मातांनी दान केलेल्या, दुधासाठी संमतिपत्र समोर आले. ते वाचताना आई रडू लागली आणि त्याच दुपारी स्तनपान समुपदेशकाला बोलावण्यात आले.

अडचण नेमकी कोठे होती

समुपदेशकाने आधी एक पूर्ण पंपिंग स्वतः बसून पाहिले. नोंदवहीत दर वेळचे मिली लिहिलेले असतात, पण दूध कसे काढले जाते ते तेथे दिसत नाही. त्या बैठकीत आणि नंतरच्या बोलण्यात पुढील गोष्टी समोर आल्या.

घरी गेल्यापासून ती दिवसातून पाच वेळा दूध काढत होती आणि रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत एकदाही नाही. आठ तास स्तन भरलेले राहिले की आत साठलेले दूधच पुढची निर्मिती मंदावते. दूध किती बनायचे हे प्रसूतीनंतरच्या काळात अधिकाधिक प्रमाणात स्तन किती वेळा आणि किती पूर्ण रिकामे होतात यावर ठरत जाते, आणि संप्रेरकांचा वाटा त्या मानाने कमी होत जातो.

दुसरी बाब फनेलची, म्हणजे पंपाच्या स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्यासारख्या भागाची. पंपासोबत २४ मिमीचा फनेल आला होता आणि तोच ती वापरत होती. तिचे स्तनाग्र २३ मिमी रुंद होते. पंप चालू असताना ते फनेलच्या नळीच्या भिंतींना घासत होते, बाहेर आल्यावर पांढरे पडत होते आणि डाव्या बाजूला चीर गेली होती. दुखते म्हणून ती डावी बाजू लवकर आवरत होती. त्यातच ओढ जितकी जास्त तितके दूध जास्त, या समजुतीने तिने पंपाची ओढ शेवटच्या टप्प्यावर ठेवली होती. वेदना होत असताना ऑक्सिटोसिन हे संप्रेरक नीट स्रवत नाही आणि पान्हा फुटत नाही, त्यामुळे जोर वाढवून दूध उलट कमी येत होते.

तिसरी बाब अशी की तिला पंप कसा लावायचा हे दाखवले गेले होते, मात्र हाताने मदत कशी करायची हे पहिल्या दिवसानंतर कोणी दाखवले नव्हते. पंप थांबल्यावर समुपदेशकाने हाताने दूध काढून दाखवले, तेव्हा रिकामा समजलेल्या उजव्या स्तनातून आणखी १२ मिली दूध आले. एका खेपेला ज्या मातेला दोन्ही बाजूंचे मिळून २० मिली येत होते, तिच्यासाठी हे फार मोठे होते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड झाली असती. बाळ सीपॅपवर असल्यामुळे कांगारू पद्धतीने छातीशी घेणे नवव्या दिवसापर्यंत लांबले होते आणि त्यानंतरही ते दिवसाला जेमतेम एक तास होते. स्थिर असलेल्या बाळाला सीपॅपवर असतानाही छातीशी घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार कांगारू मदर केअर जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावे आणि ते दिवसाला ८ ते २४ तास असावे. त्या शिफारशींमागे पाच देशांत झालेली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे, जिच्यात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी ठेवल्यावर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. आईच्या दुधासाठीही हा स्पर्श उपयोगी असतो. त्यानंतर लगेच काढलेले दूध बहुधा जास्त येते, हे विभागातल्या परिचारिका अनुभवाने सांगतात.

शारीरिक कारणेही तपासण्यात आली. वारेचा तुकडा आत राहिल्याची लक्षणे नव्हती, थायरॉइडची तपासणी सामान्य होती, रक्तस्राव फारसा झालेला नव्हता आणि स्तनांची वाढ गरोदरपणात नेहमीसारखी झाली होती. रक्तदाबासाठी चालू असलेले निफेडिपीन स्तनपानात चालणारे होते. थोडक्यात, दूध न बनण्याचे कायमचे कारण सापडले नाही.

आईची स्वतःची कारणमीमांसा वेगळी होती. आपण फार ताण घेतो म्हणून दूध आटले, असे तिला दोन-तीन जणांनी सांगितले होते आणि तिने ते मानले होते. ताणामुळे पान्हा उशिरा फुटतो, हे खरे आहे. परंतु काचेच्या पेटीत बाळ असलेल्या आईला ताण घेऊ नकोस असे सांगून तिच्या हाती काहीच लागत नाही. उलट दुधाची जबाबदारी तिच्या मनावर टाकली जाते आणि फनेलचे माप, रात्रीचा खंड, पंपाचा प्रकार या बदलता येणाऱ्या गोष्टी तशाच राहतात.

समोरचे पर्याय

अकराव्या दिवशी चार मार्गांचा विचार झाला.

पहिला मार्ग म्हणजे आहे ते चालू ठेवून उरलेली गरज दात्यांच्या दुधाने भागवणे. १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आईचे दूध अपुरे पडल्यास पाश्चरीकरण केलेले दात्याचे दूध हाच पुढचा योग्य पर्याय असतो. ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवल्याने त्यातील काही संरक्षक घटक कमी होतात, तरीही ते वरच्या दुधापेक्षा आतड्यांना सुरक्षित असते. तात्पुरती सोय म्हणून ते सगळ्यांना मान्य होते. मात्र घरी गेल्यावर हे दूध मिळणार नव्हते.

दुसरा मार्ग डॉम्पेरिडोनचा. हे औषध दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवते. कमी दिवसांच्या बाळांच्या मातांवर झालेल्या एका चाचणीत पहिल्या १४ दिवसांत दूध निम्म्याने वाढण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत सुमारे ७८ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत सुमारे ५८ टक्के होते. औषधाचा उपयोग यातून दिसतो, पण दुसरा आकडाही तितकाच बोलका आहे, कारण औषधाविनाही अर्ध्याहून अधिक मातांचे दूध वाढले. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर या औषधाचा परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी ईसीजी काढणे आणि चालू असलेली इतर औषधे तपासणे आवश्यक ठरते. दूध नीट काढलेच जात नसताना गोळी सुरू केली, तर नेमका कशाचा उपयोग झाला तेही कळले नसते. म्हणून हा पर्याय बाजूला ठेवला, नाकारला नाही.

तिसरा मार्ग मातेने पुन्हा रुग्णालयात, विभागाजवळच्या मातांच्या खोलीत राहण्याचा. वैद्यकीयदृष्ट्या हा सर्वांत सरळ होता. परंतु तिला पहिल्या आठवड्यातील देखरेख कक्षाच्या आठवणींमुळे तेथे रात्र काढायची इच्छा नव्हती आणि घरी तिला नीट झोप लागत होती.

चौथा मार्ग म्हणजे घरीच राहून पद्धत पूर्ण बदलणे. यात किती वेळा दूध काढायचे यावर बरीच चर्चा झाली. पुस्तकी उत्तर २४ तासांत आठ ते बारा वेळा असे आहे. बारा वेळा म्हणजे दर दोन तासांनी, आणि प्रत्येक वेळी काढणे, भांडी धुणे, नाव व वेळ लिहिणे धरून पाऊण तास. शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या आणि रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या स्त्रीला हे वेळापत्रक चार दिवसही पाळता आले नसते. शेवटी आठ वेळा, त्यात रात्री एकदा, आणि दोन खेपांमध्ये कधीही पाच तासांपेक्षा जास्त अंतर नाही, असे ठरले. हा निर्णय मला योग्य वाटतो. जे वेळापत्रक मोडते ते मातेला अपराधी वाटायला लावते, आणि त्यातून पंपच सुटण्याची भीती असते.

काय केले

बाराव्या दिवशी विभागाने दोन्ही बाजूंना एकाच वेळी चालणारा मोठा विजेचा पंप घरी वापरायला दिला आणि २७ मिमीचे फनेल बसवले. पंपाची ओढ सुखावह वाटेल तेवढीच, त्याहून एक टप्पाही जास्त नाही, असे सांगण्यात आले. चिरेवर तिचेच थोडे दूध लावून ती वाळू द्यायची होती. त्यानंतरच्या चौथ्या दिवसापर्यंत चीर भरली.

प्रत्येक खेपेची रीत अशी ठरली : आधी दोन-तीन मिनिटे स्तनांना हलके चोळणे, मग १५ ते २० मिनिटे पंप, पंप चालू असताना जेथे गाठीसारखे भरलेले लागेल तेथे हाताने दाब देणे आणि शेवटी पंप काढून हाताने उरलेले दूध काढणे. पंपाला हाताची जोड देण्याची ही पद्धत स्टॅनफर्डच्या बालरोगतज्ज्ञ जेन मॉर्टन आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासामुळे सर्वत्र पोचली. त्या अभ्यासात पहिल्या तीन दिवसांत दिवसाला पाचपेक्षा जास्त वेळा हाताने दूध काढणाऱ्या आणि पंपालाही हाताची जोड देणाऱ्या मातांचे दूध पुढील आठ आठवडे लक्षणीय जास्त राहिले. या मातेचे ते पहिले तीन दिवस निघून गेले होते. तरी उरलेल्या काळात पद्धत लागू करण्याला कोणतीच हरकत नव्हती.

घरातली कामे वाटून घेण्यात आली. रात्री दोनच्या खेपेला पती उठून पंप जोडून देई, नंतर भाग धुऊन वाळत ठेवी, बाटलीवर तारीख व वेळ लिही, आणि आई वीस-पंचवीस मिनिटांत पुन्हा झोपू शके. दूध ४ अंश सेल्सिअसला ठेवून ४८ तासांत विभागात पोचवायचे, त्यापेक्षा जास्त राहणार असेल तर लगेच गोठवायचे आणि वितळवलेले २४ तासांत वापरायचे किंवा टाकून द्यायचे, हे नियम एका कागदावर लिहून दिले गेले. बाळाला शक्यतो ताजे दूध आधी दिले जाई. एवढ्या वाढीसाठी आईच्या दुधातील प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फरस पुरत नाहीत, म्हणून सातव्या दिवसापासून त्यात फोर्टिफायर (हे घटक पुरवणारे पूरक) मिसळला जात होता. यावरून आपले दूध पातळ आहे, असा समज आईने करून घेतला होता आणि तो दूर करावा लागला.

नोंदवही बदलली. दर खेपेचे मिली लिहिणे बंद करून फक्त २४ तासांची बेरीज लिहायची, असे ठरले. पंप चालू असताना ती बाटलीकडे एकटक पाहत बसे, म्हणून बाटल्यांवर कापड घालायला सांगितले. पहिले दोन दिवस तिला ते पटले नाही. नंतर तीच इतर मातांना सांगू लागली.

छातीशी घेण्याचा वेळ दिवसाला चार तासांपर्यंत वाढवला आणि दुपारची खेप त्यानंतर लगेच, बाळाच्या शेजारीच बसून घ्यायची, असे ठरले.

तेविसाव्या दिवसानंतरची घट

चौदाव्या दिवशी दूध १८० मिलीवर आले आणि त्याच दिवशी दात्याचे दूध थांबवता आले. सतराव्या दिवशी २७० आणि एकविसाव्या दिवशी ३६० मिली. मग तेविसाव्या दिवसापासून ते अचानक कमी होऊ लागले आणि पंचविसाव्या दिवशी २७० वर आले. खेपा तेवढ्याच होत्या, पंप तोच होता. आपले दूध आता संपणार, असे ती म्हणाली.

कारण योगायोगाने कळले. तिला सर्दी झाली होती आणि बाळाला लागण होऊ नये म्हणून तिने घरातली, नाक मोकळे करणारी गोळी तीन दिवस घेतली होती. तिच्यात स्यूडोएफेड्रिन होते. एका छोट्या अभ्यासात या औषधाच्या ६० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने २४ तासांतील दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटले होते. शिवाय ते रक्तदाबही वाढवते, म्हणजे तिच्यासाठी दोन्ही बाजूंनी अयोग्य होते. गोळी थांबवली, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि बाळाजवळ असताना मास्क एवढ्यावर सर्दी गेली, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दूध ३८० वर परतले. घरी जाताना मातेला टाळायच्या औषधांची यादी दिलेली नव्हती. अशा यादीत स्यूडोएफेड्रिनबरोबर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचाही उल्लेख हवा, कारण त्याही दूध कमी करू शकतात आणि त्यांचा विषय बहुधा सहाव्या आठवड्याच्या तपासणीत निघतो.

निष्पत्ती

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस डॉम्पेरिडोनचा विषय पुन्हा निघाला. ईसीजी सामान्य होता. बाळाची त्या दिवसाची गरज २३० मिलीच्या आत होती आणि आईचे दूध ३८० होते, परंतु ५०० चे उद्दिष्ट अजून दूर होते. औषधाचा संभाव्य लाभ आणि धोका दोन्ही तिला समजावून सांगितले. चढती रेषा आहे तोवर गोळी नको, वाढ थांबली तर पुन्हा बोलू, असे तिने ठरवले. पस्तिसाव्या दिवशी दूध ४५० आणि सातव्या आठवड्यात ५४० मिलीवर पोचले. त्यानंतर ते वाढले नाही.

गरोदरपणापासून मोजलेले बत्तीस आठवडे पूर्ण झाल्यावर बाळाला आधी दूध काढून घेतलेल्या स्तनाशी नुसते चाटायला, हुंगायला ठेवले जाऊ लागले आणि चौतिसाव्या आठवड्यापासून ते थोडे थोडे ओढू लागले. ओढणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ याच सुमारास बसू लागतो. अंगावर पाजण्याआधी व नंतर वजन करून बाळाने किती घेतले ते मोजले जाई. सदतिसाव्या आठवड्यात, २१५० ग्रॅम वजनाने, ते केवळ आईच्या दुधावर घरी गेले. दिवसातून पाच वेळा अंगावर, उरलेल्या वेळी काढलेले दूध कपाने, आणि पाजल्यानंतर चार वेळा पंप, असा तो क्रम होता. आतड्यांचा आजार झाला नाही, मात्र याचे श्रेय कोणत्याही एका गोष्टीला देता येणार नाही.

पूर्ण यश मात्र म्हणता येत नाही. दुरुस्त वयाच्या (प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयाच्या) तिसऱ्या महिन्यात गोठवलेला साठा संपला आणि बाळाची भूक वाढली, तेव्हा दिवसातून एकदा वरचे दूध सुरू करावे लागले. बाकी सर्व वेळा ते अंगावरच पीत होते. आईला हे मान्य होते. चौदाव्या दिवशी ५०० ऐवजी १८० मिली असण्याचा परिणाम तीन महिन्यांनी दिसला, असे मी यातून समजतो.

निर्णयाचे क्षण आणि वेगळे काय करता आले असते

पहिला क्षण प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा तासांचा. मॅग्नेशियम चालू असलेल्या, पडून राहिलेल्या मातेला पंपापर्यंत नेता येत नाही, पण हाताने दूध काढायला पंपही लागत नाही. देखरेख कक्षातील परिचारिकेला ते येत असते आणि तिच्या कामाच्या यादीत ते लिहिलेले असते, तर १९ तास गेले नसते. दोन विभागांच्या सीमेवर असलेले काम दोघांकडूनही राहते. ते कोणाचे हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

दुसरा क्षण रात्रीच्या झोपेचा. ती सूचना आईच्या प्रकृतीच्या काळजीतून आली होती आणि पहिल्या दोन रात्री तिचा मान राखणे गरजेचेच होते. पण तिला मुदत नव्हती. तिसऱ्या दिवशी रक्तदाब स्थिर झाल्यावर तिचा फेरविचार व्हायला हवा होता आणि तो न झाल्यामुळे तात्पुरती सवलत घरी नेलेली सवय बनली.

तिसरा क्षण घरी सोडण्याचा, आणि या प्रकरणात सर्वांत महाग पडला तो हाच. सातव्या दिवशी दूध वाढत होते आणि दुसऱ्याच दिवशी ते घटू लागले. दूध वाढण्याच्या ऐन काळात चांगला पंप काढून घेऊन हलका पंप हाती पडला. घरी कोणता पंप आहे, फनेल किती मापाचा आहे आणि रात्रीची खेप कोण सांभाळणार, हे तीन प्रश्न घरी सोडतानाच्या कागदावर असते, तर चार दिवस वाया गेले नसते. मोठे पंप मोजकेच असतात, हे खरे आहे. तेव्हा ते कोणाला द्यायचे हे ठरवताना दुसऱ्या आठवड्यातील मातेला पाचव्या आठवड्यातील मातेच्या आधी द्यावे, असे मला वाटते.

चौथी बाब मोजमापाची. या प्रकरणानंतर विभागाने रोजच्या फेरीच्या कागदावर बाळाच्या आहाराखाली दुसरी ओळ घातली : आईचे २४ तासांचे एकूण दूध आणि प्रसूतीनंतरचा दिवस. पाचव्या दिवशी २०० मिलीच्या खाली किंवा दहाव्या दिवशी ३५० च्या खाली आकडा असल्यास समुपदेशकाने त्याच दिवशी एक पूर्ण पंपिंग पाहायचे, असे ठरले. या मर्यादा विभागाने स्वतःच्या सोयीने ठरवलेल्या आहेत आणि त्या बदलता येतील. पाचव्या दिवशी ९० मिली असताना ही ओळ असती, तर समुपदेशकाने सहा दिवस आधी पंपिंग पाहिले असते. गोठवलेला साठा आता या बेरजेत धरला जात नाही, तो वेगळ्या रकान्यात लिहिला जातो.

दात्याच्या दुधाची संमती आता दाखल होतानाच, शांतपणे समजावून घेतली जाते. अकराव्या दिवशी ती घेतली गेली, तेव्हा आईच्या दृष्टीने तो तिच्या अपयशाचा कागद होता.